मागील पानावरून पुढे

नाट्यपरीक्षण लिहिणाऱ्या मंडळींबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. ही मंडळी नाटकाचा पहिला प्रयोग बघतात. पहिल्या प्रयोगाला सगळंच ताजं असतं. नेपथ्याचा रंग ताजा, नटांचा उत्साह ताजा, आणि परीक्षकाला मध्यंतरात मिळणारा बटाटेवडासुद्धा ताजा. नाटक खरं कळतं ते दुसऱ्या प्रयोगाला. त्याहून जास्त कळत असणार ते दोन प्रयोगांच्या मधे. पण तेव्हा झाडूवाला सोडून कोणालाच नाट्यगृहात उभं करत नाहीत.

ही सोय मला मिळाली ती क्रूझच्या बोटीवर. एकाच बोटीच्या लागोपाठ दोन सफरी घ्यायच्या, पहिली संपली की उतरायचं नाही, त्याच खोलीत राहून दुसरी सुरू करायची, असा एक प्रकार अमेरिकेत चालतो. त्याला ‘बॅक टु बॅक’ म्हणतात. नाव ऐकून मला आधी कंबरदुखीवरचा उपचार वाटला. माझी ताई आणि भाऊजी फ्लोरिडात असतात. भाऊजी निवृत्त झाले आणि त्यांनी आम्हा उभयतांचीही तिकिटं काढली. आमच्या एलएफसीत परदेश बसत नाही, त्यामुळे माझा वाटा म्हणजे विमानभाडं आणि भाजणीच्या चकल्यांचा एक डबा.

पहिल्या आठवड्यात पूर्वेकडचं कॅरिबियन, दुसऱ्यात पश्चिमेकडचं. सेंट थॉमस झालं, सेंट मार्टिन झालं. समुद्र निळा होता. बेटांबद्दल याहून जास्त लिहायचा माझा विचार नाही. हे परीक्षण त्या दोन आठवड्यांच्या मधल्या एका सकाळचं आहे.

आदल्या रात्री जेवून खोलीकडे निघालो तर बोळातून चालायला जागा नाही. उतरणाऱ्यांनी आपापल्या बॅगा रंगीत चिठ्ठ्या लावून दाराबाहेर ठेवलेल्या. मे महिन्यात दादर स्टेशनवर असतो तसा देखावा. फक्त बॅगांवर बसलेली माणसं नव्हती. आमच्या दाराबाहेर काहीच नव्हतं. सौ.ला उगीच ओशाळल्यासारखं झालं. “एखादी तरी ठेवा हो,” म्हणाली, “बरं दिसत नाही.”

पहाटे बोट फोर्ट लॉडरडेलच्या पोर्ट एव्हरग्लेड्सला लागली. सात वाजल्यापासून पुकारे. हिरव्या चिठ्ठीवाल्यांनी निघावं, मग जांभळ्या, मग पिवळ्या. दाराशी हसतमुख निरोप. आठवडाभर “पुन्हा भेटूच” म्हणत गळ्यात पडलेली माणसं बॅगेचं चाक अडकलं म्हणून एकमेकांवर खेकसत चालली होती. आम्हा राहणाऱ्यांना ‘इन ट्रान्झिट’ असं लिहिलेलं एकेक कार्ड देऊन दिवाणखान्यात बसवून ठेवलं. तिथे माझ्या लक्षात आलं की या बोटीवर माझ्या ओळखीचं काहीतरी चाललंय. अहो, हे तर क्लोजिंग!

अमेरिकन कायद्याचा हिशेब असा की परदेशातून आलेली बोट एकदा पूर्ण रिकामी झाली पाहिजे. प्रवाशांचा आकडा शून्यावर आला, सरकारी अधिकाऱ्यांनी तो मान्य केला, की मगच नवा प्रवासी चढणार. तीन-चार हजारांत एक आजोबा बाथरूममध्ये राहिले तरी ताळा जमत नाही आणि खाली नव्या गिऱ्हाइकांची रांग खोळंबते. बावीस रुपयांच्या फरकासाठी रात्री दहापर्यंत बसलेल्या माणसाला यातली व्यथा सांगायला नको. आणि आम्ही कोण? आम्ही म्हणजे ‘मागील पानावरून पुढे’. पण पुढच्या पानावर घेण्याआधी मागच्या पानावर आम्हालाही खोडावं लागतंच. तेव्हा आम्हा तीस-चाळीस जणांची वरात एका मुलीच्या मागून बोटीबाहेर निघाली. अधिकाऱ्याने विचारलं, “कुठून आलात?” म्हटलं, “बोटीतून.” “आता कुठे?” “बोटीत.” त्याने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, फोटो घेतला आणि सोडलं. थोडा वेळ बाकावर बसून आम्ही पुन्हा आत. एवढ्यासाठी सौ. पैठणी नेसली होती.

सगळ्याच जोडसफरी इतक्या सरळ नसतात बरं का. १८८६ सालचा एक अमेरिकन कायदा आहे. परदेशी निशाणाच्या बोटीने अमेरिकेच्या एका बंदरातला प्रवासी उचलून दुसऱ्या बंदरात परस्पर टाकायचा नाही, असं तो सांगतो. लॉस एंजेलिसहून कॅनडातल्या व्हँकुव्हरला जा, चालेल. व्हँकुव्हरहून अलास्कातल्या व्हिटियरला जा, तेही चालेल. पण या दोन सफरी एकाच बोटीने लागोपाठ केल्यात तर कायद्याच्या दृष्टीने तुम्ही लॉस एंजेलिसहून व्हिटियरला गेलात, आणि तो गुन्हा. दोन कायदेशीर गोष्टींची बेरीज बेकायदेशीर! आम्ही निघालो तिथेच परत आलो आणि मधे परदेशी बेटांना शिवलो, म्हणून सुटलो.

आता या प्रयोगातला सर्वांत उत्तम अंक. रिकामी बोट. साडेदहा ते साडेअकरा. तरणतलाव मोकळा, खुर्च्या मोकळ्या, लिफ्ट बोलावली की येते. जाहिरातीत जी बोट दाखवतात ती बहुधा याच तासाला चित्रित करत असावेत. भाऊजी तलावाकडे गेले. मी मात्र डेकच्या कठड्याला रेलून खाली बघत राहिलो, कारण नाटक तिथे होतं. एका बाजूने कचरा उतरत होता, दुसऱ्या बाजूने फोर्कलिफ्टवरून भाज्या, अंडी, पिण्याचं सामान चढत होतं. आत बोळाबोळांतून चादरींचे डोंगर. आणि आठवडाभर ज्यांना मी फक्त हसताना पाहिलं होतं, ती माणसं हसत नव्हती. रागावलेलीही नव्हती. त्यांचे चेहरे नुसते चेहऱ्यांच्या जागी होते.

आमच्या खोल्या सांभाळणारा मुलगा गोव्याचा, मडगावकडचा. त्यांच्याकडे अशा मुलांना तारवटी म्हणतात; पिढ्यान् पिढ्या घरटी कोणी ना कोणी तारवावर असायचंच. सौ.ने पहिल्याच दिवशी त्याच्याशी मराठीत सूत जुळवलं होतं. तो दोन्ही हातांत उशा घेऊन धावत होता. “तुम्ही उतरत नाय? बरं झालं,” म्हणाला, “एक खोली कमी.” माझ्या आयुष्यात माझ्या मुक्कामाचं इतकं प्रामाणिक स्वागत कोणी केलेलं नाही.

भाऊजींच्या मते अमेरिकेला क्रूझचं वेड लावलं ते १९७७ ते १९८६ चाललेल्या ‘द लव्ह बोट’ या मालिकेने. दर भागाच्या आरंभी प्रवासी शिडी चढून येणार, कप्तान आणि मंडळी दारात हसत उभी. शेवटी कोणी प्रेमात पडून, कोणी सावरून सगळे उतरणार, मंडळी पुन्हा दारात. पुढच्या आठवड्यात नवे पाहुणे, तेच दार, तेच हसू. मधे या मंडळींनी काय केलं हे दाखवायचं मालिकेला कारण नव्हतं. कंपन्यांच्या पत्रकांनाही नाही. पत्रक म्हणतं, ‘पुन्हा सामान भरायची कटकट नाही.’ खरं आहे. पण मालिका आणि पत्रक या दोन्ही कलाकृती प्रेक्षक खुर्चीतून उठला की नाटक थांबतं असं धरून लिहिलेल्या आहेत.

नाटक थांबत नाही, याला आकड्यांचा पुरावा आहे. खलाशांच्या कामाचा एक आंतरराष्ट्रीय करार २००६ साली झाला आणि २०१३ मध्ये अमलात आला. त्यात देशांना दोन पर्याय आहेत. एक, आठवड्यात काम ७२ तासांपेक्षा जास्त नको. किंवा दोन, आठवड्यात विश्रांती ७७ तासांपेक्षा कमी नको. मी कॉमर्सचा माणूस, लगेच वजाबाकी केली. आठवड्याचे तास १६८. त्यातून ७७ गेले, उरले ९१. म्हणजे एका रकान्यात ७२, दुसऱ्यात ९१, आणि मधे ‘किंवा’! असा ताळेबंद मी साहेबांपुढे नेला असता तर त्यांनी तो मला वाचायलाही न देता फाडला असता.

दुपारी नवा प्रेक्षक आला आणि आमचं पुन्हा मस्टर झालं. संकटकाळी जिथे जमायचं त्या जागी हजेरी देण्याला बोटीवर मस्टरच म्हणतात. फक्त इथे लेटमार्क नसतो. “गेल्याच आठवड्यात केलंय,” असं भाऊजी कुरकुरले. मी कुरकुरलो नाही. १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ ‘कोस्टा काँकॉर्डिया’ खडकावर आपटून ३२ माणसं गेली. तिकडे भूमध्य समुद्रात बऱ्याच बोटींवर दर बंदरात थोडे चढतात, थोडे उतरतात. पडदा असा पडतच नाही. त्या संध्याकाळी चढलेल्या जवळजवळ सातशे जणांची ही कवायत व्हायची राहिली होती. चोवीस तासांत घेतली तरी चालेल, असा तेव्हा नियम होता. आता बोट सुटण्याआधी किंवा सुटता सुटता ती घ्यावीच लागते.

रात्री रंगमंचावर सूत्रसंचालकाने पहिल्या आठवड्यातला विनोद केला. तोच विराम, कपाळावर हात मारण्याची तीच लकब, उत्स्फूर्तपणात कुठे काना-मात्रेचा फरक नाही. नवे लोक खळखळून हसले. परीक्षक म्हणून सांगतो, विनोद गेल्या वेळेपेक्षा चांगला झाला. याला लबाडी म्हणायला मी तयार नाही. “सर्व्हर डाउन आहे हो,” हे वाक्य मीही दिवसातून चाळीसदा त्याच हळहळीने म्हणतो, आणि चाळिसाव्या माणसाला ते पहिल्यांदाच ऐकायला मिळत असतं. दोष काढायचाच तर एक. विनोदाच्या ऐन टोकाला त्याची नजर तिसऱ्या रांगेत बसलेल्या माझ्यावर पडली आणि क्षणभर अडखळली. मी घाईघाईने हसलो. नटाला ओळखीचा प्रेक्षक फार जड जातो.

त्याआधी संध्याकाळी आणखी एक प्रवेश झाला होता. दारावर टकटक. दारात आमचा गोव्याचा मुलगा, इस्त्रीच्या कपड्यांत, केस चापून बसवलेले. शेजारी हातात फळी घेतलेला त्याचा वरिष्ठ. नव्या सफरीच्या पहिल्या दिवशी प्रत्येक खोलीत जाऊन ओळख करून द्यायची, असा नियम असावा. त्याने इंग्रजीत आपलं नाव सांगितलं, बोटीवर आमचं स्वागत केलं, ही आमची पहिलीच सफर आहे का असं हसून विचारलं. मी इंग्रजीतच माझं नाव सांगितलं आणि भेटून आनंद झाला म्हणालो. वरिष्ठाने फळीवर खूण केली.

सौ. माझ्या मागून पुढे झाली. “काय रे,” म्हणाली, “जेवलास का?”

त्याने हसू जराही न हलवता टॉवेल कुठे असतात ते दाखवलं, तिजोरी कशी उघडायची ते सांगितलं, आणि तिजोरी मिटता मिटता मराठीत म्हणाला, “अजून चार खोल्या आहेत, बाय.”

सौ.ने चकल्यांचा डबा उघडला.