सागरी तेलशोधातील लघुकंपन्या व औद्योगिक पट्ट्यातील गुंतवणूकदार : एक चिकित्सा

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढे आकुर्डी, भोसरी, चाकणपर्यंत कारखानदारीचा पट्टा विस्तारला. या पट्ट्यात घडलेला गुंतवणूकदार कोणत्याही कंपनीकडे कारखान्याच्या नजरेने पाहतो. यंत्रसामग्री किती, पाळ्या किती, हातात मागणी किती, घसारा किती, हे त्याचे स्वाभाविक प्रश्न असतात. निवृत्तीची एकरकमी रक्कम किंवा भूसंपादनाचा मोबदला भागबाजारात गुंतविताना हीच नजर त्याला बहुधा तारते. सागरी तेलशोध करणाऱ्या लघुकंपन्यांबाबत मात्र ती अपुरी पडते, हे येथे दाखवावयाचे आहे.

वाहनाचे सुटे भाग करणारा कारखाना कच्चा माल विकत घेतो. तेलकंपनीचा माल हीच तिची मालमत्ता असते आणि प्रत्येक दिवसाच्या विक्रीबरोबर ती कमी होते. त्यामुळे किंमत-उत्पन्न गुणोत्तर कमी दिसले म्हणजे भाग स्वस्त झाला, असे म्हणता येत नाही. क्षेत्र आटत आल्याचीही ती खूण असू शकते. वार्षिक अहवालातील साठ्यांचा तक्ता गोदामातील मालाच्या यादीसारखा वाचणे ही तर त्याहून मोठी चूक होय. २००७ पासून रूढ झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार संभाव्यतेच्या पद्धतीने केवळ सिद्ध साठा हाती येण्याची शक्यता किमान ९० टक्के मानली जाते. त्यात संभवनीय साठा मिळविल्यास ती ५० टक्के होते, आणि शक्य साठाही धरल्यास अवघी १० टक्के. तीनही आकडे एकाच टंकात छापलेले असतात, हा वाचकावरील अन्यायच म्हणावा लागेल.

हिंदुस्तान ऑइल एक्स्प्लोरेशन कंपनीचे उदाहरण यादृष्टीने बोलके आहे. हसमुखभाई पारेख यांच्या पुढाकाराने १९८३ मध्ये ती स्थापन झाली. २००८ मध्ये इटलीच्या एनी या बलाढ्य कंपनीने बरेन एनर्जी खरेदी केली आणि त्यातून या कंपनीचे सुमारे ४७ टक्के भाग तिच्याकडे आले. तमिळनाडूच्या किनाऱ्यासमोरील पीवाय-१ क्षेत्रातून २००९ च्या अखेरीस वायू मिळू लागला. तथापि हा वायू भेगाळलेल्या ग्रॅनाइट खडकात होता. अशा खडकात भेगा कोठवर जातात व परस्परांशी किती जोडलेल्या आहेत, यावर साठ्याचे सारे गणित अवलंबून असते. उत्पादन लवकरच अपेक्षेच्या बरेच खाली आले आणि मालमत्तेचे पुस्तकी मूल्य घटवावे लागले. विहिरी खऱ्या होत्या, वायू खरा होता, पाठीशी तज्ज्ञ भागीदारही होता. चुकला तो अंदाज. चाकणच्या आसपास बोअर मारणाऱ्या शेतकऱ्याला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

लाभाची बाजू खोटी आहे, असे मुळीच नाही. एडिंबरोच्या केर्न एनर्जीने राजस्थानातील ज्या क्षेत्रात शेलचा हिस्सा घेतला, तेथे २००४ मध्ये मंगला हा मोठा शोध लागला आणि कंपनीचे रूपच पालटले. परंतु ते क्षेत्र जमिनीवरचे होते. समुद्रात एकेका विहिरीचा खर्च कितीतरी पटींनी वाढतो. १९७४ मध्ये मुंबई हायचा शोध लागला तेव्हा तेल व नैसर्गिक वायू आयोगामागे शासनाची तिजोरी होती. कोरड्या विहिरी तिला पचविता आल्या असत्या. लघुकंपनीला दोन कोरड्या विहिरी लागल्या की नवे भाग विकावे लागतात आणि जुन्या भागधारकाचा वाटा पातळ होतो. पुढे तेल सापडले तरी त्याला मिळणारा हिस्सा आता लहान झालेला असतो.

शिवाय काळ आणि भाव. लघुक्षेत्र धोरणाखाली याच कंपनीला मिळालेल्या, मुंबई किनाऱ्यासमोरील बी-८० क्षेत्राचा करार २०१७ मध्ये झाला व उत्पादन २०२२ मध्ये सुरू झाले. तेथे साठा आधीच सापडलेला होता, तरीही पाच वर्षे गेली. २०१४ च्या मध्यास शंभर डॉलरच्या वर असलेले पिंप जानेवारी २०१६ मध्ये तीस डॉलरच्या खाली आले होते, म्हणजे अशा प्रतीक्षेच्या निम्म्याही काळात. साठ वर्षांच्या निवृत्त कामगाराने गुंतविलेल्या रकमेला पाच वर्षे थांबण्याची मुभा आहे काय, हा प्रश्न कोणत्याही साठा-तक्त्यात छापलेला नसतो.