रोशा गवताच्या वाणांची तुलना : तेलाचा उतारा व गुणवत्ता यांच्या निकषांची चिकित्सा

प्रस्तावना

सिंबोपोगॉन प्रजातीतील सुगंधी गवतांमध्ये गवती चहा, सिट्रोनेला आणि रोशा यांना व्यापारी महत्त्व आहे. त्यांपैकी रोशाचा खानदेशाशी जुना संबंध आहे. येथे काढलेले तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जाई आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरले जाई. आज या गवतावर विपुल संशोधन होते. मात्र त्यातील ‘अमुक वाण सर्वोत्तम’ हा निष्कर्ष ज्या निकषांवर उभा असतो, त्यांची चिकित्सा क्वचितच होते. प्रस्तुत लेखात ती करण्याचा प्रयत्न केला आहे.

वाणाची ओळख

रोशाचे मोतिया आणि सोफिया असे दोन प्रकार आहेत. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑलचे प्रमाण सामान्यतः ७५ ते ९० टक्के असते व त्याला गुलाबासारखा गंध असतो. सोफियाच्या तेलात ते बरेच कमी असून त्याची किंमतही कमी येते. मोतिया निचऱ्याच्या डोंगरउतारांवर, तर सोफिया सखल व ओलसर जागी वाढतो. मोतियात २० आणि सोफियात ४० गुणसूत्रे आढळतात. बाह्यरूपावरून मात्र दोहोंतील फरक सहज ओळखू येत नाही. त्यामुळे रानातून गोळा केलेल्या नमुन्याची ओळख निश्चित न करता केलेली तुलना मुळातच संशयास्पद ठरते.

उताऱ्याचा प्रश्न

तेलाचा उतारा टक्केवारीत दिला जातो. पण ही टक्केवारी कशाची, हे अनेकदा सांगितले जात नाही. रोशाचे तेल मुख्यतः फुलोऱ्यात व पानांत असते. दांड्यात ते नगण्य असते. साहजिकच फुलोऱ्यावर आलेल्या एका वाणाची फुलोऱ्यापूर्वी कापलेल्या दुसऱ्या वाणाशी तुलना केल्यास तो फरक वाणाचा नसून कापणीच्या वेळेचा असतो. ओलाव्याचेही तसेच आहे. १०० किलो ओल्या गवतातून ५०० ग्रॅम तेल निघाले, तर उतारा ०.५ टक्के येतो. तेच गवत सुकून ५० किलो झाले आणि तेल तेवढेच राहिले, तर उतारा १ टक्का दिसतो. तेलात मात्र थेंबाचीही वाढ झालेली नसते. शिवाय प्रयोगशाळेतील क्लेव्हेंजर उपकरण तेलाचे आकारमान दाखवते. या तेलाची घनता सुमारे ०.८९ असल्याने ०.५० मिलिलिटर तेलाचे वजन सुमारे ०.४४ ग्रॅमच भरते. दोन संशोधनांतील आकडे शेजारी मांडताना या फरकाकडे दुर्लक्ष होते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने टक्केवारीपेक्षा हेक्टरी तेल महत्त्वाचे आहे. समजा, एका वाणाचे हेक्टरी २० टन गवत व उतारा ०.५ टक्के आहे, तर १०० किलो तेल मिळेल. दुसऱ्याचे ३० टन गवत व उतारा ०.४ टक्के असल्यास १२० किलो मिळेल. केवळ टक्केवारी पाहणारा तक्ता पहिल्याच वाणाला श्रेष्ठ ठरवील.

गुणवत्तेचा प्रश्न

गुणवत्ता म्हणजे जिरॅनिऑलची टक्केवारी, हे समीकरणही अपुरे आहे. जुन्या ॲसिटिलीकरण पद्धतीत तेलातील सर्वच अल्कोहोल जिरॅनिऑल म्हणून मोजली जात. सोफियातील पेरिलिल अल्कोहोलही त्यात धरले जाई. गॅस क्रोमॅटोग्राफीने घटक वेगळे मोजता येऊ लागल्याने या दोन पद्धतींचे आकडे एका रांगेत ठेवणे योग्य नाही. जिरॅनिल ॲसिटेट हा एस्टर तेलाच्या सुगंधात भर घालतो. परंतु पाण्यात दीर्घकाळ उकळत ठेवल्यास त्याचे काही प्रमाणात विघटन होऊन जिरॅनिऑल वाढते. म्हणजे भट्टीची पद्धतही वाणाचा गुण म्हणून नोंदली जाऊ शकते. शुद्ध जिरॅनिऑल वेगळे काढणाऱ्या कारखानदाराची गरज आणि सुगंधी द्रव्ये बनवणाऱ्याची गरज सारखी नसते.

समारोप

रोशा हे बहुवर्षायू पीक आहे. चुकीच्या वाणाची निवड शेतकऱ्याला एका हंगामापुरती नव्हे, तर अनेक वर्षे भोवते. म्हणून नमुन्याची ओळख, कापणीची अवस्था, वनस्पतीचा भाग, ओलाव्याचे प्रमाण, ऊर्ध्वपातनाची पद्धत व कालावधी, आणि हेक्टरी गवत या बाबी प्रत्येक तक्त्यात नोंदवणे अगत्याचे आहे. त्यांशिवाय दिलेला ‘सर्वोत्तम वाण’ हा निर्णय वाणाविषयी कमी आणि प्रयोगाच्या परिस्थितीविषयीच अधिक सांगतो.