बाजरीच्या पिठाचा आठवा दिवस

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होते. त्या निमित्ताने बाजरीच्या ‘तयार पिठां’वरचे बरेच प्रबंध आम्ही वाचले. मांडणी एकसारखीच. १०, २०, ३० टक्के बाजरी घालायची, पदार्थ विभागातल्याच मंडळींना चाखायला द्यायचा आणि नऊ अंकी पसंतीश्रेणीवर सरासरी काढायची. ही श्रेणी मुळात अमेरिकेत सैनिकांची आवडनिवड मोजण्यासाठी तयार झाली. तिचा काही दोष नाही. पण ती सांगते ते घास घेतला त्या वेळेपुरतेच.

प्रबंधाच्या शेवटी मात्र हमखास लिहिलेले असते, ‘बचत गटांना उपयुक्त’. आमची तक्रार इथे आहे. बाजरीत सुमारे ५ टक्के स्निग्धांश असतो. दळल्याबरोबर लायपेज हे विकर त्यावर काम करू लागते, मेदाम्ले सुटी होतात आणि आठवड्याभरात पीठ कडवट लागते. म्हणून तर घरोघरी बाजरी थोडी थोडीच दळून आणतात! गटातल्या बाईला पाकिटावर मुदतीची तारीख छापावी लागते, आणि प्रबंधात आठव्या दिवसाचा आकडाच नसतो. परत आलेल्या मालाचा भुर्दंड तिच्या माथी.

उपाय अज्ञात नाही. दाणे उकळत्या पाण्यात थोडा वेळ बुडवून वाळवले, की विकर बरेचसे निष्क्रिय होते. थालिपीठाच्या भाजणीतली बाजरी टिकते, तीही भाजल्यामुळेच. कच्च्या आणि भाजलेल्या बाजरीचे पीठ दोन डब्यांत ठेवून रोज वास घेण्याचा प्रयोग नववीच्या वर्गातही होईल. भाजायला इंधन किती लागले, तेही मुलांना लिहायला सांगावे. प्रबंधांत तो रकाना आम्हाला आढळला नाही.