न फिरणारी पुस्तके

हा अंक तुमच्यापैकी पुष्कळांनी विकत घेतलेला नसेल. तो वाचनालयातून, खाकी कागदाचे वेष्टन लेवून आला असेल आणि चार दिवसांत परत करायचा असेल. मला त्याचे वाईट वाटत नाही. दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी भरणाऱ्या सभासदांवरच मराठी वाचनालये आणि आम्ही लेखक, दोघेही बरेचसे जगलो आहोत.

म्हणूनच आमच्या गावच्या, शंभरी ओलांडलेल्या वाचनालयाची 'भावी योजना' हाती पडली तेव्हा ती मी वार्षिक परीक्षेच्या पेपरासारखी तपासली. आराखडा देखणा आहे. जुनी इमारत पाडून तीन मजले. तळाला दुकानांचे गाळे, वर सभागृह, त्याच्यावर स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका. पुस्तकांना मागची एक खोली. आणि दहा वर्षांत जे पुस्तक कोणी घरी नेले नाही, त्याचे 'निर्लेखन'. सरळ मराठीत रद्दी.

योजना करणारी माणसे दुष्ट नव्हेत. वर्गणीत विजेचे बिल भागत नाही. महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, पण ग्रंथालयांसाठी वेगळा कर काही बसवला नाही. तेव्हा अनुदानाच्या वाटेकडे डोळे लावून बसणे आले. गाळ्यांचे भाडे हवेच. अभ्यासिकेलाही माझी ना नाही. माझे विद्यार्थी घरी जागा नाही म्हणून जिन्यात बसून अभ्यास करतात. माझे भांडण आहे ते त्या मागच्या खोलीशी.

ठाण्यास १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले. ते काढण्यात पुढाकार घेणारे विनायक लक्ष्मण भावे, पुढे 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे, तेव्हा नुकतेच विशीत आलेले होते. त्यांना मराठी ग्रंथांचा संग्रह करायचा होता. कोणते पुस्तक किती वेळा फिरते, याचा हिशेब त्या कल्पनेच्या मुळाशी नव्हता. शब्दच पाहा ना, संग्रहालय!

तीन वर्षांपूर्वी मी प्लेगच्या काळावर कादंबरी लिहीत होतो. माणसे गाव सोडून माळावर झोपड्यांत राहिली हे सगळ्यांनाच ठाऊक. पण तिथे चुली कशा मांडल्या, बाळंतिणींचे काय केले, हे मला हवे होते. ते मिळाले आमच्याच वाचनालयात, एका वैद्याच्या चाळीस पानी पुस्तिकेत. तिच्यावरचा शेवटचा शिक्का १९५८ चा होता. योजनेच्या चाळणीतून पहिली गळेल ती हीच. (माझ्या पहिल्या कादंबरीवरही २०११ नंतर शिक्का नाही, हे सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी सांगेलच.)

वर्गणीवर चालणारे ग्रंथालय अडचणीत येणे ही काही आमच्याच गावची गोष्ट नव्हे. कार्लाइलच्या खटपटीने १८४१ साली उघडलेली लंडन लायब्ररी स्थानिक कराच्या बोजाखाली अशीच वाकली होती. १९६० साली तिच्यासाठी लिलाव झाला. फॉर्स्टरने 'अ पॅसेज टु इंडिया'चे हस्तलिखित देऊन टाकले. एलियट तेव्हा तिचा अध्यक्ष. त्याने 'द वेस्ट लँड' स्वतःच्या हाताने पुन्हा उतरवून दिली. ती लायब्ररी आजही वर्गणीवर चालते, आणि जुनी पुस्तकेसुद्धा सभासदांना घरी देते.

आमच्या योजनेत ठेकेदाराला विचारले आहे, वास्तुविशारदाला विचारले आहे. सभासदांना मात्र कुणी काही मागितलेले नाही, पैसा नाही, वेळ नाही, मतही नाही. माझ्यासारख्या लेखकाकडे तर कुणी फिरकलेही नाही. आणि खरे सांगायचे तर, मीही आपण होऊन गेलो नाही.

माझी सूचना साधी आहे. एकही पुस्तक काढण्यापूर्वी त्याची दुसरी प्रत ठाण्यात, मुंबईत, पुण्यात कुठे आहे का, हे यादी पाठवून विचारावे. नसेल तर ते पुस्तक हलवू नये. त्याची पाने संगणकावर उतरवून घ्यावीत. हे काम सुट्टीत माझी दहावीची मुले करतील. आणि मागच्या खोलीची भिंत मोरीला लागून आहे, ती तेवढी बदलावी.

सभा तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी, सायंकाळी पाच वाजता आहे. गणपूर्ती न झाल्यास अर्ध्या तासाने त्याच जागी तहकूब सभा भरेल आणि तिला गणपूर्तीची अट राहणार नाही, असे नोटिशीच्या तळाशी बारीक टायपात छापले आहे.