मेंढा तोफेची लांबी

दौलताबादला आलेली माणसं मेंढा तोफेच्या मागच्या टोकाशी घोळका करतात. साहजिकच आहे, वळलेल्या शिंगांचं मेंढ्याचं डोकं तिथं ओतलंय, आणि फोटो त्याच्यासोबतच निघतो. मी मात्र सांगेन, चार पावलं मागं या आणि नळी बघा. या तोफेचं खरं सौंदर्य तिच्या लांबीत आहे.

चांदमिनार मागं टाकून चिनी महालाशी चढून गेलं की, खंदकाच्या अलीकडे, गोल बुरुजावर ती पडून आहे. पंचरशी धातूची, अंगावर फारसी अक्षरं, त्यांत औरंगजेबाचं नाव, तोफ करणारा महंमद हुसेन अरब याचं नाव आणि तोफेचंही: किला शिकन, म्हणजे किल्ले फोडणारी. दोन उंच माणसं डोक्याला पाय लावून शेजारी निजली, तरी तोफ उरेल. आणि एवढी लांब असूनही ती बोजड दिसत नाही. मागं, जिथं दारू पेटते, तिथं ती जाड आहे. पुढं सरकावं तशी ती निमुळती होत जाते. हा निमुळतेपणा दिसायला डौलदार असला तरी डौलासाठी नाही. पेटलेल्या दारूचा दाब सुरुवातीला सगळ्यात जास्त असतो आणि गोळा पुढं सरकतो तसा उतरत जातो. धातू तिथंच घातलाय जिथं त्याचं काम आहे. ओतणाऱ्याचा हात मला या एका रेषेत दिसतो.

तोफेची लांबी नुसत्या फुटांत सांगून भागत नाही, ती तोंडाच्या रुंदीच्या पटीत बघावी लागते. विजापूरची मलिक-ए-मैदान 1549 साली ओतली गेली ती आपल्या शेजारीच, त्या वेळच्या अहमदनगरात. तिची लांबी सुमारे 14 फूट, पण तोंड दोन फुटांहून रुंद. म्हणजे जेमतेम सहापट. जयपूरजवळच्या जयगडावरची 1720 ची जयवाण सुमारे 20 फुटांची आणि तोंड 11 इंचांचं. म्हणजे जवळजवळ बावीसपट. एक तोंडानं खाणारी, दुसरी नळीनं मारणारी. मेंढा तोफ शेजारी ठेवली तर डोळ्यांनाच कळतं, ही दुसऱ्या घराण्यातली.

मग प्रत्येकानं नळी लांबच का केली नाही? गोळा नळीत आहे तोवरच दारूचा वायू त्याला ढकलतो, म्हणून नळी वाढवली की वेग वाढतो. पण दर वाढीव हाताला मिळकत कमी होत जाते. इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्सनं 1742 च्या ग्रंथात हे मोजमापानं मांडलं. काळी दारू भसकन पेटून संपते आणि गोळा नळीत थोडा ढिलाच बसतो, त्यामुळं कडेनं वायू निसटतो. एका मर्यादेपुढं लांबी म्हणजे नुसतं वजन. जयवाणचा गोळा 35 किलोमीटर गेला, असं जयगडावर ऐकवतात. ऐकून घ्यावं आणि हसावं. तसल्या दारूला, तसल्या ढिल्या गोळ्याला ते झेपणारं नाही.

तरीही बुरुजावरच्या तोफेला लांब नळीचं एक वेगळं कारण असतं, आणि ते पल्ल्याइतकंच महत्त्वाचं. तोंड तटाच्या बाहेर निघालं नाही, तर ज्वाळा आणि हादरा आपल्याच दगडी कठड्यावर येतो. आखूड तोफ स्वतःचा तट खिळखिळा करते. किंमतही आहे: दारू, गोळा, ओल्या बोळ्याचा दांडा, सगळं तोंडातून आत जाणार. नळी जेवढी लांब तेवढा दांडा लांब, आणि तो ठासणारा गोलंदाज ऐन माऱ्याच्या वेळी तोफेपुढं उभा.

आता मेंढ्याकडे येऊ. त्याचं तोंड शत्रूकडे नाही, बत्ती देणाऱ्याकडे आहे. ही खोड आहे की खुबी, यावर मी मनाशी बराच वाद घातलाय. तोफ उडते तेव्हा गोळा पुढं जातो आणि सगळी तोफ मागं धक्का देते. मेंढ्याची टक्कर बसते ती मागच्या बाजूला, आपल्याच माणसांच्या रोखानं. मलिक-ए-मैदानवर जबडा पुढं आहे, शत्रूला भिववायला. इथं डोकं मागं आहे, गोलंदाजाला सावध करायला. कारागिराच्या मनात हे होतं की नाही, कोण सांगणार; पण धातूत उतरलंय खरं.

बंदोबस्तावरच्या पोलिसाच्या खांद्यावर कधी एसएलआर रायफल दिसते. तिची नळी सुमारे 21 इंच, गोळी 7.62 मिलिमीटर, म्हणजे सत्तरपट! दारू आता सावकाश जळते आणि गोळी नळीच्या आट्यांत घट्ट बसते, म्हणून एवढी लांबी फळते. पण तीच रायफल जीपमधून उतरताना दारात अडते. एके-47 ची नळी पाच इंचांनी आखूड आहे. वेग थोडा गमावला, हात मोकळा झाला. बुरुजावर बसवलेल्या मेंढ्याला ही पंचाईत नव्हती.

म्हणूनच किल्ले फोडणारी हे नाव मला फुशारकीचं वाटतं. फोडणाऱ्या तोफेला बैलांमागून घाट ओलांडावे लागतात. इतकी लांब नळी शोभते ती राखणाऱ्या तोफेला. तसाही मोठ्या किल्ल्यांपुढं तोफांचा इतिहास फारसा अभिमानाचा नाही. 1633 मध्ये मोगल सरदार महाबतखानानं हा दौलताबाद घेतला तो सुरुंग आणि आतली उपासमार यांच्या जोरावर. 1687 मध्ये गोवळकोंड्यापुढं औरंगजेबाच्या तोफा आठ महिने खपल्या आणि शेवटी किल्ला पडला तो आतून दरवाजा उघडला म्हणून. तिथला सुलतान अबुल हसन तानाशाह कैदी होऊन आला तो याच चिनी महालात, या तोफेपासून हाकेच्या अंतरावर.