फास्टर फेणे : पानावरचा आणि पडद्यावरचा

कुमारांसाठी लिहिलेल्या अद्भुत वा साहसी कादंबरीवर चित्रपट निघाला की टीकाकार प्रथम कथानकाची मोजदाद करतात : काय गाळले, काय जोडले. भा. रा. भागवत (१९१०-२००१) यांच्या फास्टर फेणेवर आदित्य सरपोतदार यांनी २०१७ साली दिग्दर्शित केलेल्या चित्रपटाची चर्चा याच अंगाने करणे सोपे आहे. परंतु या रूपांतरात कथानकाहून मोलाची अशी दोन स्थित्यंतरे घडली आहेत : नायकाचे वय बदलले आणि त्याचा आवाज वाचकाच्या हातून गेला.

भागवतांचा बनेश फेणे हा फुरसुंगीचा, पुण्यात विद्याभवनात शिकणारा शाळकरी मुलगा. त्याच्यापाशी जादूची कांडी नाही. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्या या लेखकाने येथे अद्भुताचा उगम निराळ्या ठिकाणी शोधला. मोठ्यांच्या जगात मुलाच्या शब्दाला वजन नसते. तरीही गुन्हेगारापर्यंत आधी पोहोचतो तो मुलगाच. ही विषमता हेच फेणेकथांतील अद्भुत होय. चित्रपटातील बनेश (अमेय वाघ) मात्र वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात येतो आणि एका परीक्षार्थ्याच्या मृत्यूचा छडा लावतो. परीक्षांतील गैरव्यवहाराचे चित्रण प्रत्ययकारी आहे. गिरीश कुलकर्णी यांचा थंड डोक्याचा अप्पा तर विसरता येत नाही. पण वय वाढताच मूळची विषमता विरली आणि उरली ती तरुणांची गुन्हेशोधकथा. बालनटाला चित्रपटाचा भार पेलत नाही, ही सबब येथे चालणार नाही. हॅरी पॉटरच्या आठ चित्रपटांत (२००१-२०११) नायकाबरोबर नटही वाढत गेला. मराठीतच ‘टिंग्या’ आणि ‘किल्ला’ मुलांच्या खांद्यांवर उभे आहेत.

दुसरा बदल सूक्ष्म आहे. चित्रपटात स्वतः भागवतही एक पात्र आहेत, आणि दिलीप प्रभावळकरांनी ते लोभसपणे साकारले आहे. कल्पना सुरेख खरी. परंतु पुस्तकातले भागवत वाचकाशी बोलतात, पडद्यावरचे फेणेशी. वाचकाची बैठक तेथे मोडली आहे.

या बैठकीचे मोल बुलढाणा जिल्ह्यातील वाचकापुरते भाषाशास्त्राच्या अंगाने स्पष्ट करता येते. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’च्या जागी पुष्कळदा ‘य’ येतो : शाळा-शाया, डोळा-डोया. छापील पान ‘शाळा’ एवढेच दाखवते, त्याचा उच्चार लादत नाही. खामगाव-शेगावकडचा मुलगा घरात मोठ्याने वाचू लागला की विद्याभवन ही ‘शाया’ होऊ शकते आणि फुरसुंगीचा फेणे तेवढ्यापुरता वऱ्हाडी होतो. प्रमाण लेखनाची ही उदारता सहसा ध्यानात घेतली जात नाही. बोलपटाला ती परवडत नाही. तेथे प्रत्येक वर्ण एका नटाच्या मुखातून एकदाच, कायमचा ठरतो.

फेणेचा प्रसिद्ध ‘टॉक्’ या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. हा मराठीचा वर्ण नव्हे. जीभ टाळूला चिकटवून ती झटक्यात सोडली असता होणारा हा ध्वनी आहे; फुप्फुसांतील श्वास त्याला लागत नाही. झुलू आणि खोसा भाषांत अशा ध्वनींना वर्णांचे स्थान आहे. मराठीत ते भाषेच्या कडेला, हळहळीच्या ‘च्च’सारख्या उद्गारांत राहतात. देवनागरीला हा आवाज लिहिता येत नाही. ‘टॉक्’ ही त्याची केवळ खूण आहे. ती वाचून मुलाला जीभ कोठे लावायची हे स्वतः शोधावे लागे, आणि घरोघरी निघणारे आवाज एकसारखे नसत. अमेय वाघ तो आवाज नेमका काढतात. चित्रपटगृहाबाहेर पडणारी मुले त्या आवाजाची नक्कल करतील. पानावरच्या ‘टॉक्’ला नक्कल करण्याजोगा नमुनाच नव्हता.