एका सरकारी टिपणाचें परीक्षण

सरकारी कागद म्हणजे वाङ्मय नव्हे, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु ज्या लेखांत कांहीं शब्द तोलून घातलेले असतात आणि कांहीं तितक्याच काळजीनें गाळलेले असतात, तो टीकाकारानें आपल्या कक्षेबाहेर कां ठेवावा? अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेनें १९५५ च्या मे महिन्यांत कृत्रिम उपग्रहाच्या योजनेसंबंधीं केलेलें टिपण हा असाच एक लेख होय. 'एन. एस. सी. ५५२०' हें त्याचें रुक्ष नांव. तेव्हां तें गुप्त होतें. आज कोणासही वाचावयास मिळतें.

टिपणाची भाषा सुबोध आहे. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षांत पांच ते दहा पौंडांचा एक लहानसा उपग्रह सोडावा, खर्च सुमारे दोन कोटि डॉलर यावा, मात्र त्यापायीं क्षेपणास्त्रांचें काम खोळंबूं नये, असा त्याचा आशय. लेखकाचा खरा हेतु पुष्कळदां मुख्य वाक्यांत नसून गौण वाक्यांत असतो, असें मी विद्यार्थ्यांस नेहमीं सांगतों. येथेंहि तसेंच आहे. हा उपग्रह हेरगिरीचीं साधनें वाहूं शकणार नाहीं हें खरें, तथापि तशा मोठ्या उपग्रहाकडे जाणारी ती एक पायरी आहे, असें टिपण जातां जातां सांगतें. आणि 'अंतराळाच्या स्वातंत्र्या'च्या तत्त्वाची त्यानें कसोटी लागेल, असेंहि नमूद करतें. परक्या देशावरून परवानगीवांचून विमान नेणें हा अतिक्रम. पण निरुपद्रवी शास्त्रीय उपग्रह सर्वांच्या डोक्यावरून गेला आणि कोणी हरकत घेतली नाहीं, तर मागून येणाऱ्या हेराची वाट आपोआप मोकळी होते!

२९ जुलै १९५५ रोजीं व्हाइट हाऊसनें योजना जगास जाहीर केली, तेव्हां मात्र बोलणें झालें तें केवळ विज्ञानाचें. अकस्मात् हल्ल्याचें भय आणि रशियाचीं बंद दारें ध्यानांत घेतां ही सावधगिरी समजण्यासारखी आहे. शत्रूची खरी माहिती असणें कधीं कधीं युद्धहि टाळतें. तरीहि शास्त्रज्ञांच्या शब्दाची पत दुसऱ्याच कामासाठीं गहाण पडली, हा माझा आक्षेप कायम राहतो.

पुढील इतिहास तर या टिपणावरील उपरोधिक भाष्यच आहे. पहिल्या राष्ट्रास मोठी प्रतिष्ठा लाभेल, हें टिपणांत स्पष्ट म्हटलें होतें. नेल्सन रॉकफेलर यांनीं सोबतच्या पत्रांत तोच मुद्दा जोरानें मांडला होता. असें असतां निवड झाली ती नौदलाच्या 'व्हॅनगार्ड'ची, कारण तो शस्त्रापासून बनविलेला नव्हता. ४ ऑक्टोबर १९५७ रोजीं रशियाचा ८३ किलोंचा 'स्पुटनिक' आकाशांत फिरूं लागला. ६ डिसेंबरला व्हॅनगार्ड जमिनीपासून जेमतेम चार फूट उचलला आणि जळून गेला. स्पुटनिकनंतर चारच दिवसांनीं संरक्षण खात्याचे उपमंत्री क्वार्ल्स यांनीं अध्यक्षांस सांगितलें कीं, रशियनांनीं नकळत आपल्यावर उपकारच केला आहे. अंतराळाचें स्वातंत्र्य त्यांनींच प्रस्थापित केलें! जें उघड मागितलें तें हुकलें, आणि जें मनांत ठेवलें तें प्रतिस्पर्ध्याच्या हातून फुकट मिळालें.

पण पडद्याची संवय लागते ती सुटत नाहीं. १९६० च्या ऑगस्टांत 'डिस्कव्हरर' या शास्त्रीय नांवाखालीं सोडलेल्या उपग्रहानें रशियाचीं छायाचित्रें आणलीं. तीं लोकांसमोर ठेवावयास १९९५ साल उजाडावें लागलें. उलट १७ मार्च १९५८ रोजीं सुटलेला दीड किलोंचा व्हॅनगार्ड आजहि मुकाट्यानें पृथ्वीभोंवतीं फिरत आहे. पृथ्वी किंचित् पेरूच्या आकाराची आहे, हें त्याच्या भ्रमणावरूनच कळलें. ज्या विज्ञानाचा आडोसा केला, तें विज्ञान खोटें नव्हतें. म्हणूनच त्याला आडोशाला उभें करावयास नको होतें.